‘अंगवस्त्र’ ते ‘अलाउन्स’: नवी मुंबईतील शुगर डेटिंगची पार्श्वभूमी

अंगवस्त्र, नाटकशाळा, ठेवलेली बाई: पुरुषाच्या पैशावर चालणाऱ्या विवाहबाह्य संबंधातील स्त्रीसाठी मराठीत शब्दांची वाण कधी पडली नाही, पैसे पुरवणाऱ्याला मात्र वेगळे नाव देण्याची फारशी गरज कोणाला वाटली नाही. 1920 च्या दशकात अमेरिकी बोलीत रुळलेला ‘शुगर डॅडी’ हा शब्द नेमके त्यालाच नाव देतो.

2006 च्या सुमारास परदेशी संकेतस्थळांनी या संबंधाला आधीच अटी ठरवून केलेल्या व्यवहाराचे रूप दिले; त्यालाच शुगर डेटिंग म्हणतात. 1992 मध्ये रेल्वे आल्यानंतर वाढत गेलेल्या वाशी-नेरूळ-खारघर पट्ट्यात महाविद्यालये, पेइंग गेस्ट खोल्या आणि शेजाऱ्याची चौकशी न करणाऱ्या सोसायट्या आयत्याच होत्या. देणाऱ्याची अपेक्षा सवडीने सोबत आणि पूर्ण गुप्तता अशी असते; घेणारीची अपेक्षा खोलीचे भाडे, शुल्क आणि महिन्याचा अलाउन्स, म्हणजे ठरलेली रक्कम, वेळेवर मिळावा, ही असते.

या अपेक्षांना कायद्यात जागा आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या एका निकालाने अधिक गुंतागुंतीचा केला. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातील ‘विवाहसदृश संबंध’ या शब्दांचा अर्थ लावताना द्विसदस्यीय पीठाने म्हटले, की केवळ शनिवार-रविवार एकत्र घालवल्याने असा संबंध निर्माण होत नाही, आणि पुरुष जिला पैसे पुरवून मुख्यतः शरीरसुखासाठी किंवा मोलकरीण म्हणून ठेवतो, अशा ‘कीप’ला (ठेवलेल्या बाईला) या कायद्याचे संरक्षण नाही. ‘कीप’ या शब्दाला सरकारच्याच एका ज्येष्ठ महिला विधी अधिकाऱ्याने भर न्यायालयात आक्षेप घेतला, तेव्हा ‘कॉन्क्युबाइन’ (उपपत्नी) चालेल का, अशी विचारणा झाली. म्हणजे वाद शब्दाच्या सभ्यतेपुरता उरला आणि पैसे घेतले म्हणून संरक्षण का जावे, हा खरा प्रश्न बाजूला पडला. पुरुष विवाहित असल्याचे ठाऊक असलेल्या स्त्रीलाही हे संरक्षण त्याच न्यायालयाच्या 2013 च्या निकालाने नाकारले, जरी त्याच निकालात अशा स्त्रियांसाठी कायदा करण्याची गरज मान्य केली होती.

1 सप्टेंबर 2021 पासून गूगलने आपल्या ‘प्ले स्टोअर’ या अ‍ॅप-दालनात शुगर डेटिंगच्या अ‍ॅपना मनाई केली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 69 व्या कलमाने नोकरी, बढती किंवा लग्नाच्या भुलथापा देऊन ठेवलेले शरीरसंबंध गुन्हा ठरवले. ठरलेला अलाउन्स बुडवण्याचा त्यात उल्लेख नाही, आणि अनैतिक हेतूचा करार 1872 च्या करार कायद्याच्या 23 व्या कलमानुसार रद्दबातल ठरत असल्याने तो वसूल करण्याचा दावाही टिकणे कठीण आहे.