महाबळेश्वरला बर्फ पडतो का?

डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेकचे फोटो फिरू लागतात: पांढरं गवत, गाड्यांच्या टपांवर बर्फाचा थर आणि वर मथळा, ‘महाबळेश्वरात बर्फवृष्टी’. फोटो खरे असतात, मथळा चुकीचा. तो वाचून मुलाबाळांसह निघालेल्यांची निराशा होते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिथे वरून काही पडत नाही. गोठतं ते दव. म्हणून त्याला हिमदव म्हणायचं. बर्फवृष्टीला ढग लागतात. हिमदवाला उलट निरभ्र आकाश आणि पडलेला वारा हवा. अशा रात्री जमीन उष्णता झपाट्याने गमावते, थंड जड हवा तलावाकाठच्या आणि लिंगमळ्याच्या सखल भागात साचते, आणि गवताच्या पात्यावर पारा शून्याला पोचतो.

मग अंदाजात आठ-नऊ अंश कसे? वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, झडपांच्या पेटीत असतो. तिथली हवा गवतापेक्षा कितीतरी उबदार असू शकते. त्यामुळे अंदाजही बरोबर आणि गोठलेलं दवही खरं.

स्ट्रॉबेरीवाल्यांना मात्र या दवाची धास्ती असते, कारण त्याने पानं-फुलं करपतात. पर्यटकांनी तिथे जायचं तर पहाटेच. ऊन चढलं की सगळं वितळतं.