पार्श्वभूमी : कर फेसावर, दुखणं साखरेचं

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कुठल्याही दुकानातला फ्रिज उघडला की काळी कोला आणि पिवळी आंब्याची बाटली शेजारी-शेजारी दिसतात. बाटली फिरवून मागचा बारीक मजकूर वाचला, तर कोलात १०० मिलीला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत सहा-सात चमचे. आंब्याच्या पेयात तेवढीच, बऱ्याचदा त्याहून जास्त. तरी २२ सप्टेंबर २०२५ पासून पहिलीवर जीएसटी ४० टक्के आणि दुसरीवर ५. आई-बाप पोराला कोला नको म्हणतात आणि कौतुकाने आंब्याची बाटली हातात देतात, त्याला हा हिशेबही हातभारच लावतो.

प्यायलेली साखर पोट भरल्याची जाणीव देत नाही, त्यामुळे जेवण तेवढंच जातं. तिच्यातल्या फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृतावर पडतो आणि जास्तीचं तिथेच चरबी होऊन साठतं. रोज असं एक-दोन ग्लास पेय घेणाऱ्यांत टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी जास्त दिसतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१० मध्ये मांडलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत हवी, शक्यतो २५ च्या. एक बाटली प्यायली की ही खालची मर्यादा संपलीच. दातांचं दुखणं वेगळं. त्याला आम्लही कारण असतं, म्हणून बिनसाखरेची कोलासुद्धा तिथे निर्दोष सुटत नाही.

हे सगळं इतक्या उशिरा चर्चेत का आलं? एक तर सोड्याची ओळखच मुळात औषध म्हणून झाली. अठराव्या शतकात युरोपात नैसर्गिक झऱ्याच्या पाण्याची नक्कल म्हणून तो बनू लागला, पुढे गोटीच्या बाटलीतून आपल्या बाजारपेठांत पोहोचला. झणझणीत मिसळीनंतर सोडा हवाच, ही समजूत त्यातलीच. ढेकर येते, बरं वाटतं. जळजळीचा त्रास असणाऱ्याला मात्र तोच सोडा पुढे महागात पडू शकतो.

दुसरं म्हणजे, या पेयांवरून आपल्याकडे जेवढी भांडणं झाली, त्यात साखर कधी केंद्रस्थानी नव्हतीच. १९७७ चा कोका-कोलाचा वाद परदेशी मालकीचा आणि गुप्त कृतीचा होता. परदेशी कोला गेली, त्याच वर्षी थम्स अप आलं, आणि १९९३ मध्ये ती कोला परतली तेव्हा थम्स अपसकट सगळं विकत घेऊन बसली. २००३ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या एका संस्थेने बाटल्यांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं, आणि संसदेच्या संयुक्त समितीने २००४ मध्ये तो निष्कर्ष उचलून धरला. त्याच सुमारास निर्यातीच्या द्राक्षांत औषधांचा अंश सापडल्याने युरोपातून दणका बसलेला होता, त्यामुळे निफाड-पिंपळगावच्या बागायतदारांना ‘रेसिड्यू’ म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या गदारोळात बाटलीतल्या सहा चमच्यांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

करांची गोष्ट इथेच गुंतागुंतीची होते. २०१४ च्या अर्थसंकल्पात साखर घातलेल्या वायुयुक्त पेयांवर ५ टक्के जादा उत्पादन शुल्क आलं. वर्षभरात ते काढून मूळ शुल्क वाढवलं गेलं. याच काळात कोलात थोडा फळांचा रस मिसळावा, शेतकऱ्याला भाव मिळेल, अशी सूचना वरून आली. सटाणा-देवळ्याच्या डाळिंबवाल्यांच्या कानाला ती गोडच लागणार. मग २०१७ चा जीएसटी : वायुयुक्त पेयांवर २८ टक्के आणि वर १२ टक्के उपकर. साखर असो, दुसरा गोडवा असो की नुसता स्वाद, दर एकच. फळांच्या रसाच्या साध्या पेयांना १२. रस आहे आणि गॅसही आहे, अशा बाटलीचं काय, यावर भांडण न्यायालयांपर्यंत गेलं. शेवटी ऑक्टोबर २०२१ पासून तीही ४० मध्ये गेली. २०२५ च्या फेररचनेत उपकर दरातच मिसळला, साध्या रसपेयांचा दर ५ वर उतरला आणि मधली दरी २८ वरून ३५ टक्क्यांवर गेली.

ब्रिटनने २०१८ मध्ये १०० मिलीला किती ग्रॅम साखर, यावर आकारणी ठरवली. पाच ग्रॅमच्या खाली काहीच नाही, आठच्या वर सर्वाधिक. कंपन्यांनी साखर कमी केली, कारण तसं करण्यात फायदा होता. आपल्या दरात तो फायदा कुठेच नाही. उलट ऑक्टोबर २०१९ पासून वायुयुक्त पेयं बनवणाऱ्यांना छोट्यांसाठीच्या, उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरायच्या कंपोझिशन योजनेतून वगळलं गेलं आणि जिरा-लिंबू सोडा भरणारा गल्लीतला कारखानदार बड्या कंपनीच्याच रांगेत येऊन उभा राहिला. साखरेवर थेट बोट न ठेवण्यामागे उसाचं राजकारण आहे, असा संशय कादवा नदीच्या काठी, उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला तरी सहज येईल. कागदावर तसं कुठे लिहिलेलं नाही.

शाळांची बाजू त्यामानाने पुढे गेली. राज्याने २०१७ मध्ये उपाहारगृहांतून जंक फूड हटवायला सांगितलं, २०२० च्या केंद्रीय नियमांनी अशा पदार्थांच्या विक्रीला फाटकापासून ५० मीटरची बंदीची हद्द आखली. ती हद्द नाशिकच्या गजबजलेल्या शाळांभोवती कुणी मोजली असेल, तर त्याच्या खुणा दिसत नाहीत. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंडळाच्या शाळांना ‘साखर फलक’ लावायला सांगितलं गेलं. कोणत्या पदार्थात किती साखर, ते मुलांना दिसेल असं. बाटलीच्या दर्शनी बाजूला तीच माहिती कशी छापावी, याचा ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा सप्टेंबर २०२२ मध्ये आला. त्यावर लगेच हरकत निघाली, की साखरेने भरलेल्या पेयालाही तारा मिळाला तर गिऱ्हाईक ती शाबासकीच समजेल. त्यापेक्षा सरळ इशारा छापा. तो वाद नंतर सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.