मर्जीचा मामला: इंग्लंडमधल्या ऐच्छिक शेती-पर्यावरण योजनांची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या शेतकऱ्याने गव्हाच्या शेताची कड नांगरायची सोडली, झुडपी कुंपणाची दरवर्षीची छाटणी थांबवली किंवा पाखरांसाठी दाण्याचं पीक न कापता उभं ठेवलं, तर सरकार त्याचा मोबदला देतं. सक्ती नाही. कामांची यादी असते, प्रत्येक कामाचा दर ठरलेला असतो, आणि त्यातलं काय घ्यायचं, मुळात घ्यायचं की नाही, हे शेतकरीच ठरवतो. या पद्धतीला चाळीस वर्षं झाली. कागदावर हा निसर्गरक्षणाचा इतिहास आहे. माझ्या मते तो जास्त करून दराचा इतिहास आहे.

सुरुवात उलट्या दिशेने झाली होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी धान्याची जहाजं बुडवली आणि ब्रिटनला आयात अन्नावर जगण्याची किंमत कळली. रेशनिंग १९५४ पर्यंत चाललं. १९४७ च्या शेती कायद्याने शेतमालाला हमीभाव दिला. पाणथळ जमिनीत चर खणून निचरा करायला अनुदान मिळे, जुनी झुडपी कुंपणं उपटून शेतं मोठी करायलाही मिळे. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात गेला आणि हमीभावावर ब्रसेल्सचा शिक्का बसला. दहा वर्षांत गोदामं लोण्याने भरली. १९८४ मध्ये दुधावर कोटा लावायची वेळ आली.

ठिणगी पडली नॉरफोकमध्ये. नॉरिच आणि ग्रेट यार्मथ यांच्या मधे हॅल्व्हरगेटची पाणथळ कुरणं आहेत. गुरं चारण्यापेक्षा निचरा करून गहू पेरणं शेतकऱ्यांना फायद्याचं दिसू लागलं. यात चूक शोधणं अवघड आहे, कारण हिशेब सरकारनेच तसा मांडून ठेवला होता. १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार संवर्धन करणाऱ्या संस्थेने शेतकऱ्याला अडवलं, तर त्याचा बुडालेला नफा तिने भरून द्यायचा होता. हा नफा मुळात हमीभावातून आणि अनुदानातून आलेला. म्हणजे सरकारचा एक हात नांगरायला पैसे देत होता आणि दुसरा न नांगरायला. १९८४ मध्ये फ्रेंड्स ऑफ द अर्थ या पर्यावरणवादी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तिथे निदर्शनं केली आणि प्रश्न वर्तमानपत्रांत गाजला.

त्यातून १९८५ मध्ये एक प्रयोग निघाला. प्रत्येकाशी स्वतंत्र घासाघीस नको. कुरण कुरणच ठेवणाऱ्या प्रत्येकाला एकरी वर्षाला ५० पौंड, सरसकट. त्या भागातले बहुतेक शेतकरी आले. त्याच वर्षी ब्रिटनच्या आग्रहामुळे युरोपीय नियमांत अशा मोबदल्याची सोय झाली, आणि १९८६ च्या शेती कायद्याने ‘पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं’ जाहीर करण्याचा अधिकार मंत्र्यांना दिला. पहिल्या क्षेत्रांमध्ये हॅल्व्हरगेट ज्यात येतं तो ब्रॉड्स, सॉमरसेटची सखल कुरणं, साउथ डाउन्स, पेनाइन डेल्स ही नावं होती. १९९१ मध्ये कंट्रीसाइड स्टुअर्डशिप ही योजना आली आणि या क्षेत्रांबाहेरच्या शेतकऱ्यालाही दार उघडलं. तरीही हा सगळा निवडक ठिकाणांचा खेळ होता. सपाट, सुपीक पूर्व इंग्लंडमध्ये गहू गव्हाला लागून होता आणि शेतातली पाखरं कमी होत होती. ग्रे पार्ट्रिज या तितराच्या जातकुळीतल्या पक्ष्याची संख्या १९७० पासून नव्वद टक्क्यांहून जास्त घटली.

२००१ च्या लाळ्या-खुरकूत साथीने चित्र पालटलं. लाखो जनावरं मारावी लागली, आणि शेतीला पैसे नेमके कशाचे द्यायचे हा प्रश्न थेट मंत्रिमंडळापर्यंत गेला. सर डोनाल्ड करी यांच्या आयोगाने २००२ च्या जानेवारीत अहवाल दिला: काही निवडक जागांवर खूप खर्च करण्याऐवजी सगळ्यांना परवडेल अशी साधी योजना काढा. मार्च २००५ मध्ये ‘एंट्री लेव्हल स्टुअर्डशिप’ सुरू झाली.

तिचं गणित सोपं होतं. हेक्टरी ३० गुण जमवा, हेक्टरी ३० पौंड घ्या, करार पाच वर्षांचा. शंभर हेक्टरवाल्याला ३,००० गुण लागत. शंभर मीटर कुंपण दोन्ही बाजूंनी नीट राखलं की २२ गुण. चंडोलासाठी गव्हात मोकळा तुकडा ठेवला की तुकड्याला ५.

हे चंडोलाचे तुकडे समजून घेण्यासारखे आहेत. हिवाळी गहू मे महिन्यात इतका दाट होतो की चंडोलाला त्यात उतरून चारा शोधता येत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या विणीची पिल्लं जगत नाहीत. पेरताना पाभर काही मीटर उचलून धरली की हेक्टरी दोन मोकळे तुकडे तयार होतात. गव्हाचं नुकसान नगण्य, पाखराचा फायदा मोठा. आरएसपीबी या पक्षिसंरक्षण संस्थेने केंब्रिजशरमध्ये २००० साली विकत घेतलेल्या शेतावर याचे प्रयोग झाले होते. तरीही शेतकऱ्यांनी घेतली ती बहुतांशी कुंपणं आणि चर. कुंपण आधीच उभं होतं; फक्त छाटणी दोन वर्षांतून एकदा करायची. जे नाहीतरी होतंय त्याचेच पैसे कशाला, अशी टीका झाली आणि ती रास्तच होती. पण यादी ज्यांनी बनवली त्यांनीच कुंपण स्वस्तात विकायला ठेवलं होतं. कालांतराने इंग्लंडची सुमारे ७० टक्के शेतजमीन अशा योजनांच्या कुठल्या ना कुठल्या करारात आली, तरी शेतातल्या पाखरांचा आलेख वर चढला नाही.

दर ठरवण्यालाही मर्यादा होती. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार अशा मोबदल्यात वाढीव खर्च किंवा बुडालेलं उत्पन्न एवढंच भरून देता येतं, त्यावर बक्षिसी नाही. त्यामुळे हलक्या जमिनीचा मालक सहज तयार होतो, आणि जिथे बदलाची खरी गरज आहे तिथला गहूवाला बाहेर राहतो.

मधल्या काळात पडीक रानाची एक कथा घडून गेली. १९९२ पासून सरकारी मदत हवी असेल तर मोठ्या धान्य-शेतकऱ्यांना काही जमीन सक्तीने पड टाकावी लागे. हेतू धान्य कमी करण्याचा. फायदा मात्र पाखरांचाही झाला. २००७ मध्ये धान्याचे भाव चढले आणि ही अट शून्यावर आली, पुढच्या वर्षी रद्दच झाली. तिच्या जागी नवी सक्ती आणावी की शेतकऱ्यांच्या मर्जीवर सोडावं, यावर २००९ मध्ये वाद झाला. शेतकरी संघटनांनी स्वतःच मोहीम चालवायची हमी दिली आणि मर्जी जिंकली.

ब्रेक्झिटनंतर २०२० चा शेती कायदा आला आणि क्षेत्रफळावर मिळणारं अनुदान टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागलं. ‘सस्टेनेबल फार्मिंग इन्सेंटिव्ह’ ही नवी ऐच्छिक योजना २०२२ मध्ये खुली झाली. या वेळी काही दर इतके आकर्षक निघाले की गव्हाऐवजी अख्खं शेत पाखरांच्या दाण्याखाली किंवा फुलांखाली घालणं परवडू लागलं. मार्च २०२४ मध्ये अशा सहा कामांवर शेताच्या २५ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. ११ मार्च २०२५ च्या संध्याकाळी निधी संपल्याचं सांगून नवे अर्जच बंद केले गेले. सहा आठवड्यांची पूर्वसूचना देऊ, असं आधी सांगितलेलं होतं. त्या वेळी ३७,००० हून अधिक करार चालू होते. त्यातले बरेचसे तीन वर्षांचे आहेत. ते संपतील तेव्हा फुलांची पट्टी राहते की नांगराखाली जाते, हे त्या हंगामातल्या गव्हाच्या भावावर बरंच अवलंबून असेल.