गुळाने छातीतली धूळ निघत नाही

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती झाडून झाली की गुळाचा खडा तोंडात टाकायचा, ‘छातीतली धूळ निघते’ म्हणून. पण गूळ पोटात जातो, श्वासनलिकेत नाही! धूळ काढतात ते तिथल्या पेशींवरचे सूक्ष्म केस, सिलिया. प्रत्येकात मायक्रोट्यूब्यूल नावाच्या प्रथिनाच्या नळ्या असतात: कडेने 9 जोड्या, मधोमध 2 सुट्या नळ्या. डायनीन हे प्रथिन एका जोडीला शेजारच्या जोडीवर सरकवू पाहतं, तसा केस वाकतो. सेकंदाला 10-15 वेळा. धूळ चिकटलेला कफ असा ढकलत ढकलत घशापर्यंत येतो. बिडीच्या धुरानं मात्र हे केस आखूड होतात, झडतात. गूळ खुशाल खा. पण पोतं झाडताना मास्क लावा आणि बिडी सोडा, बाबांनो.