पंपिंग कमी आहे, म्हणून बाजेवरच बसायचं का?

इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट आला की घरात बाज टाकली जाते. पंपिंग ३० टक्के म्हणजे हृदय ७० टक्के बंद, असा हिशोब होतो आणि मग आबांना पाण्याच्या तांब्यासाठीही कुणी उठू देत नाही. हा हिशोब चुकीचा आहे. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्केच टाकतं. ३० म्हणजे कमी, यात शंका नाही. पण ते शंभरापैकी धरू नका, साठेकापैकी धरा.

लातूर शहरात आणि आसपासच्या गावांत आम्ही घरी येऊन नर्सिंगची सेवा देतो. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय कमजोर पडलेल्या, पेशंटला झेपेल तेवढं चालतं ठेवणं हा आमच्या कामाचा मोठा भाग. पडून राहिलं की पायांचे स्नायू झडतात. मग संडासापर्यंत जातानाही धाप लागते आणि घरचे म्हणतात, बघा, आजार वाढला. पुष्कळदा आजार तेवढाच असतो, अंगातली ताकद गेलेली असते.

अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समधल्या २,३३१ पेशंटवरचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या साधारण निम्म्यांना नियमित व्यायाम दिला होता. तो त्यांना झेपला, धोका वाढला नाही आणि रोजचं जगणं थोडं सुसह्य झालं. आयुष्य किती वाढतं, याचं ठाम उत्तर त्यातून मिळालं नाही. म्हणून तसं आश्वासन आम्हीही देत नाही.

सुरुवात डॉक्टरांनी होकार दिल्यावरच होते. सूज उतरलेली हवी, गोळ्या लागू पडलेल्या हव्यात. सिस्टर आल्या आल्या चालायला लावत नाहीत. आधी बीपी, नाडी, ऑक्सिजन, वजन. मग नडगीवर अंगठा दाबून बघतात. खळगा तसाच राहिला तर अंगात पाणी साठलंय, त्या दिवशी चालणं बंद आणि डॉक्टरांना फोन. सगळं ठीक असेल तर बाजेपासून ओसरीपर्यंत फेऱ्या, सपाट फरशीवर, पाच मिनिटं. चालता चालता सिस्टर गावातली एखादी हकीकत विचारतात. तुम्हाला त्या गप्पा वाटतील, पण ती तपासणी असते. पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर. दोन शब्दांत श्वास तुटला तर थांबायचं. ‘दम लागूलालाय’ असं पेशंटने म्हणण्याची वाट त्या बघत नाहीत, कारण आपल्याकडची जुनी माणसं ते सांगतच नाहीत.

झेपलं तर दोन-चार दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवतो. पुढे बहुतेकांना दिवसाची ३० मिनिटं गाठता येतात, तीही तुकड्या-तुकड्यांत चालतात. जेवल्यावर तासभर नको. भरलेला हंडा उचलणं नको, संडासात कुंथणं नको. दोन्हीत श्वास कोंडला जातो.

उन्हाळ्याचं वेगळं सांगावं लागतं. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा फिरणं उजाडताच. लघवीची गोळी चालू असताना घामही गेला तर बीपी उतरून घेरी येते. अशा वेळी गोळी मनाने बंद करू नका आणि मीठ-साखरेचं पाणीही मनाने पाजू नका, डॉक्टरांना विचारा. पाणी दिवसाला किती, तेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

चालताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बसल्यावरही धाप ओसरली नाही, तर आधी १०८ लावा, नंतर आम्हाला.

कोजागिरीला तुळजापूरला चालत जाऊ का, हेही विचारलं जातं. नको. गाडीने जा. तिथेही देवळात जाताना पायऱ्या उतरायच्या असतात, त्यामुळे काही वाटत नाही. कस लागतो तो परत चढताना. घाई नको, बसत बसत चढा.

पहिल्या भेटीला डिस्चार्ज कार्ड, इकोचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं काढून ठेवा. गोळ्यांचा डोस आम्ही बदलत नाही, तो आग्रह करू नका. वजनकाटा नसेल तर घ्या. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. आणि काटा फरशीवर ठेवा. एका घरी तो सतरंजीवर ठेवलेला होता; आठवडाभराचे आकडे वाया गेले.