पुळणीवरची लांब धाव

पुळणीवरची लांब धाव : कोकण किनाऱ्यावर लांब पल्ल्याचे धावपटू हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, ओल्या पट्ट्यावर करतात तो आठवड्यातला सर्वांत मोठा सराव. धावपटूंच्या बोलण्यात हिचे नाव ‘लाँग रन’. दीड ते तीन तास, शर्यतीच्या गतीपेक्षा बरेच सावकाश, सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे असते. या संथ श्रमाने स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि शरीर साखर राखून चरबी जाळायला सरावते.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड ८०० मीटर धावणाऱ्या पीटर स्नेललासुद्धा रविवारी डोंगरातल्या रस्त्याने सुमारे ३५ किमी पळवत. त्याच काळात ऑस्ट्रेलियाचे पर्सी सेरुटी पोर्टसीच्या वाळूच्या टेकड्यांवर हर्ब एलियटकडून सराव करून घेत होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचे, तर एलियटने १,५०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. लांब पल्ला आणि वाळू या दोघांच्या दोन वाटा कोकणात एकाच पुळणीवर येऊन मिळतात.

थंड देशांत एप्रिलमधल्या बॉस्टन मॅरेथॉनची तयारी करणारे हाच सराव बर्फात करतात. भुसभुशीत बर्फ पायाखाली खचतो, पाऊल आखूड पडते आणि घड्याळातल्या गतीला काही अर्थ उरत नाही. कोरड्या वाळूतही नेमके हेच घडते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वाळूत धावायला कठीण जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते असे दिसून आले. कोकणातला हिवाळा मात्र धावपटूला सोसायचा नसतो, साधायचा असतो. पावसाळ्यात लाटा पुळण गिळतात, उन्हाळ्यात दमट हवेने घाम वाळत नाही. थंडीत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, आणि पूर्वेला माड व सुरूची दाट रांग असल्याने ऊनही वाळूवर उशिरा उतरते. २००४ पासून होणारी मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. त्यामुळे सर्वांत लांब धावा डिसेंबरात येतात.

धावेची वेळ धावपटूच्या हाती नसते, ती समुद्र ठरवतो. कोळ्यांचा जुना हिशोब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. ठिकाणागणिक थोडा फरक पडतो, पण दिवस निवडायला हा हिशोब पुरतो. पौर्णिमा किंवा अमावास्येला पहाटे पाचच्या सुमारास, द्वितीयेला पावणेआठच्या सुमारास पाणी तळाला जाते. हेच उधाणाचे दिवस असल्याने पाणी दूरवर हटते आणि पुळण सर्वांत रुंद होते. अष्टमीला, भांगाच्या म्हणजे पाणी सर्वांत कमी चढण्या-उतरण्याच्या दिवशी, सकाळी सहालाच भरती असते. धावायला उरते ती वरची भुसभुशीत वाळू. यातून एक सुंदर गोष्ट आपोआप घडते. पौर्णिमा-अमावास्येतले अंतर साधारण दोन आठवड्यांचे, म्हणून एक रविवार पुळणीचा लागला की पुढचा बहुधा सड्याचा, म्हणजे वरच्या कातळपठाराचा, जांभ्याच्या चढउतारांच्या रस्त्याचा लागतो. मऊ आणि कठीण जमिनीची अशी पाळी कुठल्याही प्रशिक्षकाने आखून द्यावी इतकी चांगली आहे.

योग्य पट्टा पावलाखालीच ओळखू येतो. पाऊल दाबले, की त्याभोवतीची ओली वाळू क्षणभर फिकट, कोरडी दिसते. दाबाने कण एकमेकांपासून सरकतात, मधली पोकळी वाढते आणि वरचे पाणी आत ओढले जाते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये याचे कारण मांडले. असा फिकट गोल उमटतो तिथे वाळू घट्ट असते. पाय रुतून खळग्यात पाणी साचू लागले, तर चार पावले वर सरकावे. नुकत्याच उघड्या पडलेल्या वाळूवर कुर्ल्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी मांडलेली असते.

किनारा सलग नाही. डोंगराची नाके आणि खाड्या त्याचे तुकडे करतात. गुहागरसारखी सुमारे सहा किमीची पुळण म्हणूनच मोलाची. इतरत्र फेऱ्या माराव्या लागतात. फेऱ्या मारण्याचा फायदाही आहे. पुळण समुद्राकडे उतरती असते; एकाच दिशेने धावत राहिले तर खालच्या बाजूच्या पायावर सतत ताण येतो, परतताना तो दुसऱ्या पायावर जातो. पोटरी आणि टाचेमागची शीर पहिल्या काही आठवड्यांत दुखतेच, म्हणून नवख्याने वीस मिनिटांपासून सुरुवात करावी. अनवाणी धावणाऱ्याने कालवांच्या कपच्या आणि मासेमारीचे गळ पाहून पाऊल टाकावे. सिंधुदुर्गात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल, तर ताणलेला दोर ओलांडू नये. ओढणाऱ्यांच्या मागून वळसा घालावा.

याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री किनाऱ्यावर चढून भरतीच्या रेषेच्या वरच्या वाळूत अंडी घालतात. वेळासला २००२ पासून त्यांच्या संवर्धनाचे काम चालू आहे. अशा किनाऱ्यांवर अंधारात विजेरी घेऊन धावू नये, आणि वरच्या कोरड्या वाळूत तर मुळीच जाऊ नये.

धावेनंतर घरोघरी मिळते ती उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, सोबत लोणच्याची फोड. घामातून गेलेले पाणी व मीठ आणि स्नायूंतली संपलेली साखर एका वाडग्यात भरून निघू लागते.