दाहशामक चाचणीचा अहवाल कसा वाचावा

आपण पाठवलेल्या वनौषधीच्या अर्कावर आमच्या प्रयोगशाळेत नेमके काय केले जाते आणि अहवालातील आकड्यांवर कितपत विसंबावे, हे ग्राहकांना कळावे यासाठी हे माहितीपत्रक आहे.

दाह कमी होतो की नाही हे पाहायचे तर आधी तो निर्माण करावा लागतो. त्यासाठी आम्ही उंदराच्या आरएडब्ल्यू २६४.७ या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या, रोगप्रतिकारक) पेशी ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये वाढवतो आणि त्यांना जिवाणूंच्या आवरणातील एलपीएस हा घटक देतो. संसर्ग झाला असे समजून पेशी नायट्रिक ऑक्साइड, तसेच टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-६ ही दाह वाढवणारी प्रथिने सोडू लागतात. साधारण २४ तासांनी वरचा द्रव काढून त्यात ग्रीस अभिकर्मक मिसळला, की नायट्रिक ऑक्साइडपासून बनून साठलेल्या नायट्राइटच्या प्रमाणात गुलाबी रंग चढतो आणि तो ५४० नॅनोमीटरवर मोजता येतो. अर्क घातलेल्या खळग्यात हा रंग फिका दिसणे, एवढाच आमचा पहिला पुरावा असतो. उरलेल्या दोन घटकांचे मापन एलायझा पद्धतीने, म्हणजे प्रतिपिंडांच्या साहाय्याने, होते.

रंग फिका पडण्याची इतरही कारणे असतात आणि आमच्या मते अहवालाचा खरा कस तिथेच लागतो. मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करत नाही, त्यामुळे विषारी अर्कसुद्धा उत्तम दाहशामक भासू शकतो; म्हणून प्रत्येक मात्रेसाठी एमटीटी चाचणीने पेशी जिवंत असल्याची खात्री केली जाते, आणि ज्या मात्रेला ८० टक्क्यांहून कमी पेशी तगतात त्या मात्रेचा दाहशामक आकडा आम्ही देत नाही. टॅनिन (वनस्पतींतले तुरट द्रव्य) भरपूर असलेले अर्क प्रथिनांना चिकटून एलायझाचे मापन बिघडवतात. हळदीतील कर्क्युमिन स्वतःच रंगीत असून प्रकाशझोतात चमकते, त्यामुळे पेशी नसलेल्या खळग्यातही तेवढ्याच मात्रेचा अर्क घालून त्याचे रीडिंग वजा करावे लागते. याउलट वनस्पतीवरच्या जिवाणूंचे एंडोटॉक्सिन (म्हणजे वर सांगितलेला एलपीएसच) अर्कात उतरले असेल, तर चांगले औषधही दाह वाढवताना दिसते. तेव्हा टक्केवारीकडे वळण्यापूर्वी अहवालातील कंट्रोलचा, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या खळग्यांचा, रकाना वाचावा, ही विनंती.

परिणाम अपेक्षेपेक्षा फारच जोरदार आला तर आनंदाआधी शंका घ्यावी. सांधेदुखीवरच्या ‘वनौषधी’ उत्पादनांत डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) किंवा डायक्लोफेनॅक (वेदनाशामक) ही आधुनिक औषधे मिसळल्याची प्रकरणे अनेक देशांत उघडकीस आली आहेत. डेक्सामेथासोन आम्ही तुलनेसाठी वापरतोच, त्यामुळे अर्काचा आलेख त्याच्या आलेखाशी जुळू लागला की भेसळीची स्वतंत्र तपासणी सुचवली जाते.

अल्ब्युमिन हे प्रथिन तापवल्यावर त्याची रचना बिघडणे अर्काने रोखले जाते का, हे पाहणारी स्वस्त चाचणी बरेच ग्राहक मागतात. ती आम्ही करून देतो. मात्र तिच्यात पेशीही नसते आणि दाहाची प्रक्रियाही नसते, म्हणून केवळ तिच्या आधारे कोणताही दावा करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

पेशींवरचा परिणाम म्हणजे रुग्णावरचा परिणाम नव्हे. प्लेटमध्ये अर्क पेशींवर थेट पडतो. पोटात घेतलेले कर्क्युमिन मात्र आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि यकृतात लगेच बदलते. पुढची पायरी प्राण्यांवरील चाचण्यांची असते. उंदराच्या पंजात कॅराजीनन हा सूज आणणारा पदार्थ टोचून सूज मोजण्याची, १९६२ साली प्रसिद्ध झालेली पद्धत त्यांत सर्वाधिक रुळलेली आहे, पण तिला नैतिक समितीची मंजुरी लागते आणि ती आमच्याकडे होत नाही. ‘सूज उतरवते’ असे खात्रीने म्हणण्यासाठी माणसांवरील चाचण्याच लागतात.

नमुना पाठवताना वनस्पतीचा कोणता भाग वापरला, अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, आणि बॅच क्रमांक काय, हे लिहून द्यावे. शक्य असल्यास त्याच झाडाची पाने-फुलांसह वाळवून दाबलेली फांदी सोबत जोडावी, कारण पूड झालेल्या मुळीची ओळख पटवणे पुष्कळदा चाचणीपेक्षा अवघड जाते. द्रव अर्क असल्यास तो थंड पेटीतून आणि प्रकाशापासून झाकून पाठवावा.